किरिहारा स्टेशनातली निरोपाची पाटी

माझा धाकटा भाऊ हेइता ज्या वसंतात शाळेत गेला, त्या वसंतात ही गोष्ट सुरू झाली. साल एकोणीसशे त्रेपन्न. आमच्या घरातून शाळेची पायरी चढणारा तो पहिलाच. बाबा कोळसा पाडायचे. एका डोंगरावरची तोड संपली की दुसऱ्या डोंगरावर जायचं, नवं खोपट, नवी भट्टी. शाळा एका जागी असते, आम्ही नव्हतो. आई गेल्यावर हेइताला पाठीशी बांधून मीच वाढवलं. त्याला शाळेत घालायचं म्हणून बाबांनी किरिहाराच्या वरच्या डोंगरावर कायमचं बस्तान मांडलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, आणि मला स्वतःचं नावसुद्धा वाचता येत नव्हतं.

हे मी कुणाला कळू देत नसे.

दर पाच दिवसांनी भट्टी उघडायची. मग कोळशाची तीन पोती पाठीवरच्या लाकडी चौकटीला बांधून मी खाली स्टेशनवर न्यायची. एप्रिलातल्या त्या दिवशी पाऊस होता, आणि पावसात अजून थोडं बर्फ होतं. मी माल घ्यायच्या खिडकीशी पोती उतरवली तेव्हा तिथे नेहमीचे म्हातारे मोरिया मास्तर नव्हते. एक नवा माणूस होता. चोवीसेक वर्षांचा. टोपी त्याच्या डोक्याला जरा मोठीच होती, कानांवर टेकलेली.

"नाव?" त्यानं वर न बघता विचारलं.

"कियो."

"तुमचं नाही. माल पाठवणाऱ्याचं."

"मग तसं विचारायचं ना. मला वाटलं…"

"काय वाटलं?"

"काही नाही."

आता त्यानं वर पाहिलं. मी तोंडावरचं पाणी पुसलं, आणि कोळशाची काजळी नाकावरून गालापर्यंत पसरली असणार. कारण तो हसला नाही, पण हसू दाबायला त्याला टोपी सारखी करावी लागली. मग त्यानं मालाला बांधायची चिठ्ठी आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवली.

"यावर लिहा. कुणाकडून, कुठे."

मी दोन्ही तळवे त्याच्यापुढे धरले. "या हातांनी? तुमची चिठ्ठी काळी होईल, टोपीवाले."

ही माझी नेहमीची पळवाट होती. कोळशाच्या धंद्यात ती कधी फसत नाही.

"बरं, मी लिहितो," तो म्हणाला. "पुढच्या वेळी हात धुऊन या."

"पुढच्या वेळी पोती तुम्ही वाहा. मी टोपी घालून खिडकीत बसते."

त्याचं नाव ओइकावा शिनसाकु. हे मला स्टेशनसमोर सोबा, म्हणजे रश्शातल्या शेवया, विकणाऱ्या सुए मावशीनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. तरी तिनं सांगितलं, वर हेही सांगितलं की त्याचं लग्न झालेलं नाही आणि तो सोबा खाताना रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत पितो.

किरिहारा स्टेशन माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठं. पहिल्या आराखड्यात ते नदीपलीकडच्या गावाला जाणार होतं. आमच्या गावची जुनी माणसं तीनदा जिल्ह्याच्या गावापर्यंत पायी अर्ज घेऊन गेली. तिसऱ्या खेपेला म्हणाली, जमीन आम्ही देतो, लाकूड आम्ही देतो, फक्त गाडी थांबवा. म्हणून देवळामागची सहा देवदार झाडं तोडून स्टेशनचे खांब झाले. रुळांखालची खडी नदीतून डोक्यावर वाहून आणली, त्यात माझे बाबा होते. पहिली गाडी आली त्या दिवशी गावानं तांदळाचे लाडू वाटले. बाबा म्हणत, "इंजिन बघितलं आणि वाटलं, याला केवढी भूक असेल!" ती भूक पुढे आमच्याच कोळशा-लाकडाच्या मालानं भागली. गाडीला डबे दोन, आणि मागे मालाच्या वाघिणी पाच.

रूळ एकच. त्यामुळे सगळा कारभार कड्यावर चालायचा. वेताचं मोठं कडं, त्याला चामड्याची पिशवी, पिशवीत पितळी चकती. चकतीच्या मधोमध भोक. आमच्यापासून खाली समुद्राकडे जाणाऱ्या वाटेची चकती गोल भोकाची, वर बोगद्याकडच्या वाटेची तिकोनी. ज्या चालकाकडे चकती, त्यालाच त्या वाटेवर जायचा हक्क. एका वाटेला चकती एकच, म्हणून एका वेळी गाडीही एकच. समोरची गाडी ती घेऊन येईपर्यंत आपली गाडी जागची हलत नाही. मास्तर चकती हातात घेऊन, बोट रोखून मोठ्यानं ओरडायचे, "गोल! बरोबर!" आणि चालक उलट ओरडायचा, "गोल! बरोबर!"

मला ते फार आवडायचं. कारण तेवढं मलाही वाचता यायचं.

शिनसाकु धावत्या गाडीतून येणारं कडं दंडावर झेलायला शिकत होता. दोनदा ते त्याच्या टोपीसकट गेलं. तिसऱ्यांदा त्यानं झेललं आणि आधी माझ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"बघितलंत?"

"टोपी बघितली," मी म्हणाले. "आज डोक्यावरच राहिली की."

आता पाटीचं सांगते. मुसाफिरांच्या खोलीत भिंतीला एक काळी पाटी होती, निरोपांची. कुणी चुकामूक झाली की खडूनं लिहून जायचं – मी पुढे गेलो, तू मागून ये; औषध मावशीकडे ठेवलंय. सहा तास झाले की निरोप पुसायचा, असा नियम. सकाळी सहाच्या गाडीच्या वेळचे निरोप दुपारी बाराला शिळे व्हायचे.

मी पोती उतरवली की त्या पाटीसमोर उभी राहायची. डोळे डावीकडून उजवीकडे, वरून खाली फिरवायची, जसे बाकीचे फिरवतात. एक तर त्यानं मी शिकलेली दिसायची. दुसरं असं की माल घ्यायच्या खिडकीतून ती जागा सरळ दिसायची, आणि त्या जागेवरून खिडकी.

एकदा शेगडीत कोळसा घालता घालता शिनसाकु आतून म्हणाला, "बारा वाजले. माझे हात अडकलेत. ती पाटी पुसून टाकता का?"

मी पुसली. त्यानंतर दर खेपेला मीच पुसायची. बाराचे टोले पडले की फडकं घ्यायचं, पाटी स्वच्छ करायची, खडूनं पांढरे झालेले हात त्याला खिडकीतून दाखवायचे. तो हसायचा. मी वाळवलेली गोड पर्सिमोन फळं आणायची, तो मला शेगडीजवळची जागा राखून ठेवायचा. उन्हाळा असा गेला, पानं लाल झाली, गळली. बोललो काहीच नाही. पण माझी पोती हलकी झाली होती, एवढं खरं.

त्याच दिवसांत मला रात्री झोप लागेनाशी झाली. रेल्वेवाल्याची बायको म्हणजे तारा, वेळापत्रकं, नवऱ्याची पत्रं. उद्या त्यानं काही लिहून पुढे केलं तर? हात किती दिवस काळे ठेवणार?

वीस नोव्हेंबरला मी अकराला पोचले. पाटीवर त्या दिवशी तीनच ओळी होत्या, ठसठशीत, नीट अक्षरात. मी नेहमीसारखी समोर उभी राहिले, डोळे फिरवले. खिडकीत शिनसाकु उभा होता, पण काम करत नव्हता. नुसता बघत होता. मला बरं वाटलं. बारा वाजले. मी फडकं घेतलं, खालच्या ओळीपासून सुरुवात केली, वरपर्यंत सगळं पुसलं. आणि मग नेहमीसारखे पांढरे हात त्याला दाखवून हसले.

तो हसला नाही. टोपी सारखी करून फलाटावर निघून गेला.

पंचवीसला गेले तेव्हा खिडकीतून आवाज आला, "तीन पोती. ठीक." बस. शेगडीजवळ दुसरंच कुणी बसलं होतं. मी पर्सिमोनची पुडी खिडकीत ठेवली, ती तिथेच राहिली. वाटेत विचार करत आले, की माझं काय चुकलं? मागच्या खेपेला नाकावर काजळी होती का? ती तर नेहमीच असते.

तीस तारखेला डोंगर उतरून आले तर सुए मावशी दुकानाच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"निरोप द्यायला आलीस होय? धीट आहेस."

"कुणाला निरोप?"

"कुणाला म्हणे! पोरगा बाराच्या गाडीनं चाललाय बदलीवर, समुद्राकडच्या शेवटच्या स्टेशनला. त्यानं बिचाऱ्यानं पाटीवर लिहून विचारलं, तुमच्या बाबांना भेटायला येऊ का म्हणून. मी ताटं घेऊन जाताना वरच्या दोन ओळी वाचल्या. तिसरी वाचायला चष्मा नव्हता, आणि परत आले तोवर तू पुसलीस. हसत हसत! काल इथे बसून रस्सा टाकून उठला. म्हणाला, मावशी, उत्तर मिळालं, फडक्यानं मिळालं."

मी तिथेच, पोत्यांसकट दगडी पायरीवर बसले.

मावशी माझ्याकडे बघत राहिली. वीस वर्षं दुकान चालवलेली बाई, माणसाचं तोंड तिला पाटीसारखं वाचता यायचं.

"कियो," ती हळूच म्हणाली, "तुला वाचता येत नाही?"

मी मान खाली घातली.

"अग मग जा! सांग त्याला!"

"नको मावशी. मी त्याला दुष्ट वाटले तरी चालेल… अडाणी वाटायला नको."

"पोरी," मावशीनं माझ्या पाठीवरची दोरी सोडली, पोती खाली लोटली. "तो बाराच्या गाडीनं जातोय. लाज तू चारच्या गाडीनं बाळग. ऊठ!"

मी फलाटावर पोचले तेव्हा गाडी उभी होती. शिनसाकु डब्याच्या दाराशी, साध्या कपड्यांत, हातात पत्र्याची पेटी. टोपी नव्हती. टोपीशिवाय त्याचे कान फार मोठे दिसत होते. मोरिया मास्तर हातातल्या घड्याळाकडे बघत उभे. बारा वाजून गेले होते. पण खालून येणारी गाडी आली नव्हती. चढावर रुळांवर ओली पानं पडली की चाकं घसरतात, त्या दिवसांत नेहमीचंच. गोल चकती त्या गाडीकडे होती. ती येईपर्यंत ही गाडी हलणार नव्हती. माझ्याकडे तेवढाच वेळ होता.

"निरोप द्यायला आलात?" तो म्हणाला. "गरज नव्हती. उत्तर पोचलं."

"ते उत्तर नव्हतं."

"मग काय होतं?"

"बारा वाजले होते."

"म्हणजे?"

"बारा वाजले की पाटी पुसायची, तुम्हीच सांगितलं होतं. म्हणून पुसली."

"वाचून?"

गाडीच्या खिडक्यांतून चार-पाच माणसं ऐकत होती. इंजिन वाफ सोडत होतं. मला वाटलं, त्या वाफेत दिसेनासं व्हावं.

"मला वाचता येत नाही."

"कुठलं अक्षर?"

"कुठलंच."

त्यानं पेटी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "पण तुम्ही दर खेपेला पाटीसमोर उभ्या असायचात. मी मुद्दाम म्हणून त्या पाटीवर…"

"तिथून तुमची खिडकी दिसते."

"आणि चिठ्ठ्या? हात काळे आहेत म्हणायचात…"

"हात काळेच होते. ते काही खोटं नव्हतं."

तो हसायला लागला. आधी बारीक, मग इतकं की त्याला पेटी खाली ठेवावी लागली. मला राग आला. आणि रागातच माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

"हसा! म्हणूनच सांगत नव्हते."

"तुम्हाला नाही हसत. मी दहा दिवस जेवलो नाही. एका फडक्यापायी!"

"ओइकावा," मास्तर घड्याळावरची नजर न काढता म्हणाले, "हसायचं तर हसून घे, पण लवकर. पुलावर शिटी झाली."

"काय लिहिलं होतं?" मी घाईनं विचारलं. "तिसरी ओळ मावशीला दिसली नाही."

"ते असं नाही सांगणार. वाचायला शिका, मग पुन्हा लिहून दाखवीन."

"आणि तोवर? तुमची पत्रं मावशीकडून वाचून घेऊ?"

"मग पत्र माझ्याआधी गावात फिरेल."

खालची गाडी धापा टाकत आली. चालकानं कडं फेकलं, मास्तरांनी दंडावर झेललं, पिशवी उघडली, चकतीवर बोट रोखलं. "गोल! बरोबर!"

शिनसाकुनं तिकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ते वाचता येतं ना?"

"ते कुणालाही येतं."

"मग झालं. मी कार्ड पाठवीन. चौकोन काढला तर समजा, मी बरा आहे. त्रिकोण काढला तर सुटी मिळत नाहीये. आणि गोल…"

"गोल म्हणजे किरिहाराची वाट," मी म्हणाले.

"ती मोकळी ठेवाल?"

"एका वेळी एकच गाडी असते तिच्यावर. नियमच आहे."

गाडी सुटली. तो दाराशी उभा होता. मी काळे हात वर करून दाखवले, आणि या वेळी तो हसला.

कार्डं मावशीच्या दुकानात यायची. ती उलटसुलट करून बघायची, उजेडापुढे धरायची. "इतकी वर्षं गावाची पत्रं वाचली," ती कुरकुरायची, "असलं कोरडं प्रेमपत्र कधी बघितलं नाही." बाबांनी एकदा भट्टीजवळ सांडलेली दोन कार्डं उचलली. "चौकोन, त्रिकोण… हा मुलगा रेल्वेत आहे की सुताराकडे?"

त्या हिवाळ्यात सात चौकोन आले आणि चार त्रिकोण. चौथा त्रिकोण इतका दाबून काढला होता की कागद फाटला होता. मार्चमध्ये बर्फानं गाडी बंद पडली आणि तीन आठवडे काहीच आलं नाही. मी तरी पाच-पाच दिवसांनी उतरत होते. हेइता आता दुसरीत जाणार होता, मला अक्षरं शिकवतो म्हणाला. मी त्याला चापट मारली. ज्याला पाठीशी बांधून वाढवलं, त्याच्यापुढे शिष्या म्हणून बसायचं? तो माझा मूर्खपणा होता. पुढे बरीच वर्षं तो टिकला.

एप्रिलच्या आठव्या दिवशी गोल आला. चहाची वाटी ठेवून भोवती पेन्सिल फिरवली होती, आत वाटीचा ओला डाग तसाच होता.

तो सुकवलेले माकुळ मासे आणि साके दारूची बाटली घेऊन डोंगर चढून आला. बाबांनी त्याला दोन तास धुरात बसवून ठेवलं. मग म्हणाले, "रेल्वेचा माणूस म्हणजे बदलीचा माणूस. आज इथे, उद्या तिथे."

"तुम्हीही डोंगर बदलत आलात," शिनसाकु म्हणाला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, धुरामुळे. "कियो कुठे मागे राहिली?"

बाबांनी बाटली उघडली.

लग्नानंतर एकतीस वर्षांत आम्ही सात स्टेशनांच्या आवारात राहिलो. दोन मुली झाल्या. तारा, पत्रं, औषधाच्या बाटल्या, सगळं तो मला वाचून दाखवायचा, कधी कुरकुरला नाही. तिसरी ओळ मात्र सांगितली नाही. भांडणात विचारलं तरी नाही. "शिक," एवढंच म्हणायचा. मी म्हणायची, "हात काळे आहेत." तोवर मी कोळसा सोडून वीस वर्षं झाली होती.

किरिहाराचंही वय झालं. घरोघरी गॅस आला आणि कोळसा संपला. मालाच्या वाघिणी गेल्या, मग एकोणीसशे एकाहत्तरात मास्तरची जागाच गेली, कडंही गेलं. नुसती खोली राहिली, पाटी राहिली. नोकरी संपवून आम्ही तिथेच परतलो. पंच्याऐंशीच्या शरदात कागद लागला, की पुढच्या मार्चअखेर ही वाट कायमची बंद. त्या संध्याकाळी मी त्याला म्हणाले, "पाटी काढून नेतील हो."

"नेतील."

"मग शिकवा मला. आता लगेच."

तो हिवाळा आम्ही त्या रिकाम्या खोलीत काढला. दिवसाला तीन गाड्या, त्यांच्या मधल्या वेळेत तो पाटीवर अक्षर काढायचा, मी खाली गिरवायची. बावन्न वर्षांची बाई. चालक खिडकीतून ओरडायचे, "आजी, पास झालात का?" मी खडू फेकून मारायची. पहिलं वाचता आलं ते दारावरचं नाव, किरिहारा. त्याच नावाखालून मी शेकडो वेळा पोती वाहिली होती.

एकतीस मार्चला शेवटची गाडी दुपारी होती. गाव फलाटावर लोटलं होतं, तांदळाचे लाडू पुन्हा वाटत होते. शिनसाकुनं मला आत बोलावलं. पाटीवर तीन ओळी होत्या, ठसठशीत, नीट अक्षरात. मी बोट ठेवून, मोठ्यानं, अडखळत वाचल्या.

कोळसेवालीला – तीस तारखेला माझी बदली आहे.
तुमच्या बाबांना भेटायला येऊ का? उत्तर खाली लिहा.
हात काळे असले तरी चालेल.

मी ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मग खडू घेतला आणि खाली लिहिलं – या. शेजारी एक गोल काढला. वाकडा आला.

"सहा तासांनी पुसायचं हं," तो म्हणाला.

"पुसायला माणूस कुठे आहे आता?"

पाटी न्यायला कुणी आलं नाही. खोली गावानं राखली. ओळी हळूहळू आपल्याआपण पुसट झाल्या, गोल सगळ्यांत शेवटी.

ओइकावा शिनसाकु, माझा नवरा, दोन हजार सात सालच्या नऊ नोव्हेंबरला सकाळी घरीच वारला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. सुए मावशी एकोणीसशे अडुसष्टात गेली, बाबा त्याच्या आदल्या वर्षी.